नेमका वाईट पास

प्रांजलनं मुद्दाम पहिला वाईट पास दिला तो दिवाळीनंतरच्या सोमवारी, आणि तो इतका वाईट होता की कडेच्या बाकावर बसलेल्या तिच्या वडिलांच्या हातातली चहाची कपबशी तोंडाजवळ जाऊन तिथंच थांबली. चेंडू संयोगिताच्या डाव्या खांद्यामागं, कमरेच्या उंचीवर, गरगर फिरत गेला. संयोगिता नेहमीसारखी नेटजवळ दोन्ही हात कपाळावर धरून उभी होती. चेंडू येणारच, अशी तिची खात्री. चार वर्षं तो आलाच होता. या वेळी तो मागं मातीत पडला आणि ती वळून त्याच्याकडं नुसती बघत राहिली.

"लक्ष कुठाय गं तुझं?" त्यांचे कोच लालासाहेब मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडले.

प्रांजल काय बोलणार? असा पास द्यायचा हुकूम त्यांचाच होता.

रहिमतपूर स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या दोन रानांच्या मध्ये हे मैदान आहे. या भागातला माणूस फौजेतून घरी येताना पेन्शन, लोखंडी ट्रंक आणि व्हॉलीबॉलचं वेड एवढं घेऊन येतो, त्यामुळं मैदान कुणी बांधलं हे विचारायची गरज नाही. सुभेदार लालासाहेब रिटायर होऊन आले, त्यांनी आधी म्हाताऱ्या फौजींना गोळा केलं, मग त्यांच्या पोरांना. पोरं मोबाइलमध्ये तोंड घालून बसली, म्हणून मग पोरींना. आणि पोरींनी असा काही खेळ उचलला की म्हातारे आपला डाव सोडून बाकावर बसून त्यांचाच खेळ बघायला लागले.

त्या पोरींत संयोगिता सेटर. जुने फौजी तिला लिफ्टर म्हणत. समोरून आलेली सर्व्हिस एकीनं उचलून सेटरकडं द्यायची, सेटरनं क्षणात ठरवायचं की चेंडू कुणाला उठवून द्यायचा, आणि मग तिसरीनं तो पलीकडं ठोकायचा. सगळी अक्कल सेटरची, असं लोक म्हणतात. टाळ्या ठोकणारीला, नाव सेटरचं. पहिला पास देणारीचं नाव निघतं ते पास चुकल्यावरच. ती पास देणारी प्रांजल होती. वेगळ्या रंगाची जर्सी घालून मागं उभी राहणारी लिबेरो. चार वर्षांत तिचं नाव फारसं निघालं नव्हतं, यावरून काय ते समजा.

तिचे वडील आकाराम लालासाहेबांच्याच पलटणीत नाईक होते. पलटणीच्या संघात दोघं एकत्र खेळले. गुडघा गेला तसे आकाराम घरी आले आणि पोरीला घेऊन गोठ्याच्या भिंतीसमोर उभे राहिले. ते चेंडू टाकणार, प्रांजलनं तो जोडलेल्या हातांच्या पट्टीवर घेऊन परत त्यांच्या डोक्यावर द्यायचा. एक हात डोक्यावर ठेवून ते उभे राहत आणि म्हणत, "चेंडू माझ्याकडं आला पायजे. मी हलणार न्हाई." आणि खरंच हलत नसत. चेंडू दोन बोटं बाजूला गेला तरी तो जाऊन शेणात पडू देत, मग तो धुवायचं काम प्रांजलचं. अशानं कोण शिकणार नाही?

तर अशा पोरीला वाईट पास द्यायला लावायची बुद्धी लालासाहेबांना झाली ती साताऱ्याच्या सामन्यानंतर. त्या दिवशी प्रांजल तापानं फणफणली होती, बाकावर शाल पांघरून बसली होती. तिच्या जागी अश्लेषा नावाची पोरगी उतरली. सातारच्या पोरींच्या सर्व्हिस काही आभाळातून पडत नव्हत्या, साध्याच होत्या. पण अश्लेषाचे पास कधी नेटवर, कधी पंचांच्या खुर्चीकडं. आणि संयोगिता? ती आपली नेटजवळ कपाळावर हात धरून उभी. चेंडू आला तर उठवायचा, नाही आला तर अश्लेषाकडं डोळे वटारून बघायचं. रहिमतपूरचा संघ सपाटून हरला. सगळे अश्लेषाला बोलले. लालासाहेब परतीच्या गाडीत कुणालाच काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांनी प्रांजलला घरी बोलावलं. त्यांची बायको शकुंतलाकाकू चहा ठेवून आत गेल्या तसे ते म्हणाले, "पोरी, तू तिला लंगडी केलीस. आन मी बघत बसलो."

"मी काय केलं, काका?"

"चार वर्षं तू तिच्या कपाळावर चेंडू ठेवतीस. तिनं पाय कवा हलवलं? तिला हात हायत, डोस्कं हाय, पण पाय न्हाईत. संक्रांतीनंतर सांगलीला राज्याच्या संघाची निवड हाय. तितं तिला कोण पास देणार? जतची पोरगी देणार, मिरजेची देणार. तू काय समदीकडं जाणार हायस तिच्या मागं?"

प्रांजलच्या मनात आलं, जाणार की, मलाही जायचंच आहे. एकोणीस वर्षांखालच्या संघाचं हे दोघींचंही शेवटचं वर्ष होतं. पण मोठ्या माणसाच्या तोंडावर असं बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

लालासाहेबांनी मग हुकूम सांगितला. निवडीपर्यंत रोज, पाचातला एक तरी पास वाईट. मागं, खाली, नेटला चिकटून, फिरका. पुढं पुढं पाचातले तीन. "दुसऱ्या पोरींचं पास आपोआप वाईट हायत, त्येचा उपेग न्हाई. मला नेमका वाईट पास पायजे. जितं सांगीन तितंच वाईट. त्यो तुझ्याशिवाय कुणालाच जमणार न्हाई. आन तिला कळता कामा न्हाई. कळलं तर ती आधीच पाय रोवून बसंल. तयारीत असताना आलेला चेंडू वाईट नसतोच."

"आप्पास्नी तरी सांगू का?"

"आकाराम बाकावर बसतो. त्याच्या तोंडावरनंच समद्यास्नी कळंल. कुणालाच सांगायचं न्हाई."

"आन थांबायचं कवा?"

"मी दोनदा शिट्टी वाजवीन. त्या बॉलपासनं सरळ." मग तिच्या चेहऱ्यावरचं बघून ते थोडे नरमले. "तुझ्या निवडीचं मी बघतो. शरच्चंद्र सर निवडीला असत्यात, माझ्या वळकीचं हायत. त्यांना माझा शब्द पुरंसा हाय."

इथंच म्हातारा चुकला. पलटणीत सुभेदारानं वर शब्द टाकला की तो पोचत होता. बाहेरच्या जगातही शब्द तसेच वर वर चढत जातात अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आणि प्रांजलचीही तीच, कारण ती अशाच घरात वाढलेली. ती "व्हय" म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

वाईट पास देणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं तो द्यावा. प्रांजलला पहिले आठ दिवस रात्री झोप लागेना. हात आपोआप सरळ जायचे, त्यांना ऐन वेळी वाकवायचं, तेही असं की वाकवलेलं दिसू नये. तिनं संयोगिताच्या डाव्या खांद्यामागची एक जागा धरली, कारण तिथं संयोगिता सगळ्यात आळशी होती. तिथं चेंडू पोचवायचा म्हणजे मनगट अगदी शेवटी किंचित मोडायचं. हळूहळू ते जमलं. नाताळपर्यंत इतकं जमलं की विचारही करावा लागेना.

आणि संयोगिता बदलली. आधी चिडली, मग रडली, मग एक दिवस कपाळावरचे हात तिनं खाली घेतले आणि पाय उचलले. चेंडू हवेत असतानाच तिची टाच वळायला लागली. गुडघ्यावर बसून उठवायला लागली, पाठ फिरवून, एका हातानं, पडता पडता. गप्प उभी राहणारी पोरगी ओरडून जागा सांगायला लागली. प्रांजलनं हे सगळं पहिल्यांदा बघितलं, कारण सगळ्यात जवळून तीच बघत होती. तिला आनंद व्हायचा. खरंच व्हायचा. पण तो आनंद कुणाला सांगायची सोय नव्हती.

दोघी एकाच कॉलेजात, रोज एकाच गाडीवरून जायच्या. गाडी संयोगिताची. एक दिवस ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी प्रांजलनं कोपऱ्यावर तिला अडवलं.

"काय झालं गं?"

"तूच सांग काय झालं ते. बाकीच्यांना नीट पास देतीस. मी नेटवर आले की वाकडा. माझं नाव हुयाला लागलं ते बघवंना व्हय तुला?"

प्रांजलच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. हुकूम म्हणजे हुकूम, असं तिला वाटलं, आणि असं वाटणाऱ्या पोरीचा राग यावा की कीव करावी हे सांगणं अवघड आहे. संयोगितानं गाडीला किक मारली आणि ती गेली.

घरी वेगळंच सुरू झालं. आकारामांनी आठ-दहा दिवस बाकावरून बघितलं आणि एका सकाळी म्हणाले, "आवर. साताऱ्याला जायाचंय." एसटीनं साताऱ्याला नेऊन त्यांनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांपुढं बसवलं. पोरीला चेंडू नीट दिसत नसणार, दुसरं काय असणार, असं त्यांचं चाललेलं. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं, डोळे उत्तम आहेत. आकाराम म्हणाले, "परत एकदा बघा." डॉक्टरांनी परत बघितलं. उत्तमच निघाले. येताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले, आणि प्रांजल त्यांच्या गुडघ्यावरच्या हाताकडं.

त्या संध्याकाळी त्यांनी तिला गोठ्याच्या भिंतीसमोर उभं केलं. एक हात डोक्यावर ठेवला. टाकला चेंडू. प्रांजलला इथं खोटं खेळता येईना. वडिलांच्या समोर हात वाकेचनात. दहा चेंडू टाकले, दहाच्या दहा त्यांच्या हातात आले. आकारामांना पाऊल हलवावं लागलं नाही.

त्यांनी चेंडू काखेत घेतला.

"हितं येतंय की. मग तितं काय हुतंय?"

प्रांजल हातांवरची माती झटकत राहिली.

"पराँजल, मी तुला इचारतोय. तितं काय हुतंय?"

रागावले की ते तिचं नाव असं चावून घ्यायचे.

"मैतरणीचा पाय वडतीस?" ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "म्या तुला ह्याच्यासाठी शिकवलं व्हय?"

चेंडू त्यांनी गोठ्याच्या खुंटीवरच्या जाळीत टाकला आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी तो काढला नाही, आणि मैदानावर येऊन बाकावर बसायचंही सोडलं. प्रांजलनं एकदा शकुंतलाकाकूंना गाठून विचारलं, काका आप्पांना कधी सांगणार? काकूंना काही माहितीच नव्हतं. त्यांनाही सांगितलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात ते घडलं. सगळ्यांना सांगलीलाच बघायचं असं ठरलेलं, पण शरच्चंद्र सर कामासाठी कोरेगावला आले होते आणि जाता जाता गाडी वळवून रहिमतपूरच्या मैदानावर उतरले. उंच, शांत माणूस. लालासाहेबांनी खुर्ची पुसून दिली. सर म्हणाले, "तुमची सेटर बघायची होती. चालू द्या खेळ."

प्रांजलनं मागून लालासाहेबांकडं बघितलं. शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. दोनदा वाजवायची, एवढंच. दोनदा वाजली की ती या माणसापुढं असे पास देणार होती की तो सांगलीला जाईपर्यंत तेच आठवत राहील. लालासाहेबांनी शिट्टी हातात घेतली. त्यांनी संयोगिताकडं बघितलं, मग प्रांजलकडं. प्रांजलला त्यांच्या चेहऱ्यावर सगळा हिशोब लख्ख दिसला. सरळ पास आले तर संयोगिता एका जागी उभी राहून चेंडू उठवणारी पोरगी दिसेल. तशा पोरी जिल्ह्याजिल्ह्यात पडल्यात. वाईट पास आले तर ती दिसेल.

त्यांनी शिट्टी एकदाच वाजवली आणि मान फिरवली.

प्रांजल हुकमाप्रमाणे खेळली. मागं, खाली, नेटला चिकटून, फिरका. एखादा तरी सरळ द्यावा असं तिला दर वेळी वाटलं, आणि दर वेळी मनगट शेवटी किंचित मोडलं. संयोगिता मैदानभर वाऱ्यासारखी फिरली. शरच्चंद्र सर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि शेवटपर्यंत बसले नाहीत. जाताना त्यांनी लालासाहेबांच्या पाठीवर थाप मारली. "ही पोरगी सांगलीला आणा. आणि एक सांगू का? लिबेरो बदला. असल्या पासवर ती बिचारी एवढं करते, चांगल्या पासवर काय करेल!"

संयोगिता घाम पुसत हे ऐकत होती. तिनं प्रांजलकडं बघितलंही नाही.

बोलावणं फक्त संयोगिताला आलं होतं, पण सांगलीला जायच्या दिवशी लालासाहेब स्वतः प्रांजलच्या दारात आले. म्हणाले, "तूबी चल. किट घे. तितं सरांशी बोलतो, समदं सांगतो." आकाराम ओट्यावर बसले होते. त्यांनी सुभेदाराला रामराम केला, पोरीला काही म्हटलं नाही. प्रांजलनं लिबेरोची जर्सी घातली आणि वर स्वेटर चढवला. स्टेशनवर पॅसेंजर मिळाली. संयोगिता पुढच्या डब्यात सोबतीला आलेल्या अश्लेषाशेजारी बसली, आणि मागच्या डब्यात लालासाहेब आणि प्रांजल समोरासमोर.

सांगलीच्या मैदानावर लालासाहेबांनी शरच्चंद्र सरांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, प्रांजल चार पावलांवर बाटली भरत होती. त्यांनी सगळं सांगितलं, साताऱ्यापासून. टोपी हातात घेऊन. आयुष्यात कुणापुढं त्यांनी टोपी हातात घेतली नसेल.

शरच्चंद्र सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुभेदार, प्रत्येक कोच आपल्या राहिलेल्या पोरीसाठी काही ना काही गोष्ट घेऊन येतो. तुमची जरा वेगळी आहे, एवढंच."

"आवं, खरं सांगतोय. माझा शब्द हाय."

"खरं असेल तर आणखी वाईट. सांगितलं म्हणून मुद्दाम वाईट खेळणारी पोरगी मी संघात कशी घेऊ? उद्या तिला दुसऱ्या कुणी सांगितलं तर?" ते थांबले. त्यांना वाईट वाटलं असावं. "आणि बोलावलेल्यांपलीकडं मला कुणाला खेळवता येत नाही."

प्रांजलची बाटली भरून पाणी हातावरून वाहत होतं. तिनं नळ बंद केला, स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि पायऱ्यांवर जाऊन बसली.

संयोगिताला पास द्यायला जतची एक धिप्पाड पोरगी होती. ताकद भरपूर, दिशा रामभरोसे. चेंडू एकदा नेटवर, एकदा पायात, एकदा पार मागच्या रेषेवर. दुसऱ्या दोन सेटर कपाळावर हात धरून उभ्या राहिल्या आणि जतच्या पोरीकडं डोळे वटारत बसल्या. संयोगिता तिथं तिथं पोचली. एक चेंडू तर तिनं जमिनीपासून वीतभर अंतरावरून असा उठवला की ठोकणारीनं डोळे मिटून ठोकला असता तरी चाललं असतं. पायऱ्यांवर लोक ओरडले. प्रांजलही ओरडली.

पण मध्येच संयोगिता थबकली. जतच्या पोरीचा एक पास डाव्या खांद्यामागं, कमरेच्या उंचीवर, गरगर फिरत आला. तो तिनं झोपेतही उठवला असता. उठवला, आणि मग वळून तिनं पायऱ्यांवर नजर फिरवली. प्रांजल दिसेपर्यंत फिरवली.

संध्याकाळी निवड जाहीर झाली. संयोगिता राज्याच्या संघात. परतीच्या गाडीत ती मागच्या डब्यात आली आणि प्रांजलसमोर बसली.

"त्या जतच्या पोरीचा पास कुठंबी जायचा," ती म्हणाली. "तुझा एकाच जागी जायचा. वाईट खेळणाऱ्याला रोज एकाच जागी चुकायला कसं जमंल?"

प्रांजलनं लालासाहेबांकडं बघितलं. निवड झाली होती. हुकूम संपला होता. लालासाहेब खाली बघत होते. "सांग तिला," ते म्हणाले.

प्रांजलनं सांगितलं. फार नव्हतंच सांगायला.

संयोगिता आधी रडली नाही, चिडली. लालासाहेबांवर, प्रांजलवर, स्वतःवर. "मी तुला काय काय बोलले! एवढं दिवस गाडीवर घेतलं न्हाई. आन तू एका शब्दानं बोलली न्हाईस? मी काय दगड हाय?" मग तिनं प्रांजलचा स्वेटर ओढला, चेन खाली सरकली आणि आतली लिबेरोची जर्सी तिला दिसली. तेव्हा ती रडायला लागली. प्रांजल नाही रडली. तिला सारखं एकच वाटत होतं, की आता कसं का होईना, सगळं सरळ होईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी लालासाहेब आकारामांकडं गेले. ओट्यावर बसले नाहीत, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. प्रांजल आतल्या खोलीतून ऐकत होती.

"हुकूम हुता?" आकारामांनी विचारलं.

"हुता."

"माझी पोर हाय ती, साहेब. मला इचारायचं हुतं." मग आकाराम म्हणाले, "मी तिला काय बोललो ते तुमाला ठावं न्हाई."

ते आत आले. प्रांजलसमोर क्षणभर थांबले. गोठ्यात जाऊन त्यांनी खुंटीवरच्या जाळीतला चेंडू काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि म्हणाले, "चल मैदानावर."

संध्याकाळी सगळ्या पोरी जमल्या होत्या. आकाराम आपल्या जागी बाकावर. संयोगिता नेटजवळ. लालासाहेब पलीकडं सर्व्हिसला उभे राहिले, आणि सर्व्हिस करण्याआधी त्यांनी शिट्टी दोनदा वाजवली. लांबलचक, दोनदा. पोरींना त्याचा अर्थ कळला नाही. संयोगिताला कळला होता, ती हसली. हात कपाळावर धरून, पूर्वीसारखी ऐटीत उभी राहिली. "आण हितं," ती ओरडली.

चेंडू आला. प्रांजल खाली वाकली, पट्टी केली, घेतला. चेंडू संयोगिताच्या डाव्या खांद्यामागं, कमरेच्या उंचीवर, गरगर फिरत गेला.

संयोगितानं हसत हसत मागं जाऊन तो उचलला. "आता पुरं की!"

दुसरा. तोही तिथंच. पोरी हसल्या. प्रांजलनं हात झटकले, पाय रुंद केले, मनगटं घट्ट धरली, आणि तिसरा चेंडू येताना मनात म्हणत राहिली, सरळ, सरळ. अगदी शेवटी मनगट किंचित मोडलं.

"प्रांजल, थट्टा पुरं," लालासाहेब म्हणाले. "शिट्टी दिलीय मी."

"काका," प्रांजल म्हणाली. "आवं, मी मुद्दाम न्हाई करत."

हसणं थांबलं. संयोगिताचे कपाळावरचे हात खाली आले. लालासाहेबांच्या हातात पुढचा चेंडू होता, तो त्यांनी टाकला नाही. नुसता धरून उभे राहिले, जणू तो कुठं ठेवावा हेच त्यांना सुचेना.

आकाराम बाकावरून उठले. गुडघा धरून, लंगडत मैदानात आले आणि संयोगिताला त्यांनी बाजूला केलं. नेटजवळ तिच्या जागी उभे राहिले. एक हात डोक्यावर ठेवला.

"टाका," ते म्हणाले.

लालासाहेबांनी सर्व्हिस टाकली. प्रांजलनं घेतली. चेंडू डावीकडं, मागं, खाली गेला. आणि गोठ्यासमोर इतकी वर्षं पाऊल न हलवणारा तो माणूस वळला, वाईट गुडघ्यावर भार देऊन दोन पावलं मागं गेला, आणि चेंडू मातीत पडायच्या आत त्यानं धरला.

त्यांनी तो पलीकडं लालासाहेबांकडं फेकला आणि पुन्हा जागेवर येऊन उभे राहिले.

"परत टाका," आकाराम म्हणाले. "मी सांगस्तवर टाकायचं. थांबायचं न्हाई."

नाईकानं सुभेदाराला हुकूम देण्याची ती पहिलीच वेळ होती. लालासाहेबांनी चेंडू उचलला.